लहान मुले, दोन्हीकडचे नातलग आणि नाताळ : दिवसांची वाटणी कशी करावी?

प्रश्न · मधली_सून

आमचा मोठा मुलगा चार वर्षांचा आहे आणि धाकटी मुलगी यंदाच्या नाताळात नऊ महिन्यांची असेल. सासर आणि माहेर वेगवेगळ्या गावांत असून आम्ही राहतो तिथून दोन्हीकडे जायला गाडीने जवळजवळ निम्मा दिवस लागतो. मुले होईपर्यंत आमचा क्रम ठरलेला होता. २४ डिसेंबरच्या रात्री सासरी मध्यरात्रीची उपासना, २५ ला तिथेच दुपारचे जेवण, आणि भांडी आवरून होताच माहेरची वाट. तिथे रात्रीच्या पंगतीला आई-बाबा, मामा आणि मावशीचे कुटुंब आमच्यासाठी खोळंबलेले असे. दोघेच होतो तोवर या धावपळीतही मजा होती.

आता तोच क्रम मुलांना झेपत नाही. मुलगा जागरणानंतर दिवसभर किरकिर करतो, भेटवस्तू उघडताना रडू लागतो, आणि मग ‘पोराला वळण नाही’ असा शेरा कुणीतरी मारतेच. धाकटीला गाडीत झोप लागत नाही आणि लागलीच तर पोहोचल्यावर सगळ्यांना तिला घ्यायचे असते. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना मात्र नाताळ म्हणजे २५ तारीखच हवी आहे, आणि एकीकडे होकार दिला की दुसरीकडे अबोला ठरलेला.

ज्यांची मुले या वयाची आहेत किंवा नुकतीच या वयातून बाहेर आली आहेत, त्यांनी दिवसांची वाटणी कशी केली, मध्यरात्रीच्या उपासनेचे काय केले आणि मोठ्यांना हे न दुखावता कसे सांगितले, ते कृपया सविस्तर लिहावे. ‘मुलांना घेऊन घरीच राहा’ एवढाच सल्ला नको आहे, कारण आजी-आजोबा आणि चुलत-मामे भावंडे यांच्यासह सण व्हावा ही आमचीही इच्छा आहे.

प्रतिसाद १ · उंबरठा

तुमच्या अडचणीच्या मुळाशी एक समजूत आहे, ती म्हणजे नाताळ हा एका तारखेचा सण आहे ही. चर्चच्या कालगणनेत २५ डिसेंबरला नाताळचा काळ संपत नाही, सुरू होतो. पाश्चात्त्य परंपरेत तिथून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, म्हणजे मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) बाळ येशूच्या दर्शनाला आले त्या स्मरणापर्यंत, बारा दिवस आनंदाचेच मानले जातात. कॅथलिक पंचांगात तर नाताळनंतरच्या आठवड्यात येणारा रविवार पवित्र कुटुंबाचा सण म्हणून पाळतात (नाताळच रविवारी आला, तर हा सण ३० डिसेंबरला होतो). जुने ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ख्रिस्तजन्माचा दिवस आपल्या ७ जानेवारीला उजाडतो. हे सर्व सांगण्याचा हेतू इतकाच की २८ किंवा ३० तारखेला माहेरी झालेला नाताळ हा ‘उरलासुरला’ नाताळ ठरत नाही. त्याला परंपरेचा पुरेसा आधार आहे, आणि श्रद्धाळू वडीलधाऱ्यांना हा आधार पटतो असा माझा अनुभव आहे.

वाटणीबाबत माझे मत स्पष्ट आहे. धाकटे मूल तीन वर्षांचे होईपर्यंत एका दिवसात दोन घरे करू नयेत. एका वर्षी २४ ते २६ सासरी पूर्ण राहावे आणि माहेरी वर्षअखेरीस किंवा ६ जानेवारीच्या आसपास जावे. पुढच्या वर्षी याच्या उलट करावे. जिथे जाल तिथे सलग तीन रात्री राहिलात तर पहिला दिवस मुलांना घर ओळखण्यात जातो, दुसऱ्या दिवशी ती खुलतात आणि तिसऱ्या दिवशी आजी-आजोबांच्या मांडीवर आपणहून जाऊन बसतात. एका दुपारच्या भेटीत मोठ्यांच्या वाट्याला नेमका तो रडका पहिला दिवसच येतो आणि नातवंड आपल्याला ओळखत नाही याचे त्यांना वाईट वाटत राहते.

आणखी एक मार्ग आहे, पण तो दोन्ही घरांचे एकमेकांशी कितपत जमते यावर अवलंबून आहे: दोन्हीकडच्या आजी-आजोबांना तुमच्याकडे बोलवावे. मुलांच्या खाटा, खेळणी, झोपेच्या वेळा सर्व जागच्या जागी राहते आणि प्रवासाचा त्रास मोठ्यांकडे जातो. त्यांची प्रकृती साथ देत असेल तरच हे सुचवावे, आणि स्वयंपाकाचा सगळा भार आपल्यावर पडणार हे धरूनच आमंत्रण द्यावे.

दुसऱ्या तारखेचा नाताळ खरा वाटावा यासाठी त्याची तयारीही खरी हवी. त्या घरच्या भेटवस्तू तोपर्यंत बांधलेल्या राहू द्याव्यात, झाड आणि गव्हाणी (ख्रिस्तजन्माचा मूर्तींचा देखावा) मांडलेलीच ठेवावी, गाणी आणि वाचन त्या दिवशीही व्हावे. चार वर्षांच्या मुलाला भिंतीवरची तारीख कळत नाही. झाड, दिवे आणि जमलेली माणसे यांवरून तो सण ओळखतो.

मध्यरात्रीच्या उपासनेबाबत सांगायचे, तर कॅथलिक विधीत नाताळसाठी चार वेगवेगळ्या मिस्सा (उपासना) नेमून दिलेल्या आहेत: २४ च्या संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. संध्याकाळच्या किंवा सकाळच्या मिस्सेला गेल्याने सण कमी साजरा होत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही अनेक ठिकाणी २४ च्या संध्याकाळी मुलांना समोर ठेवून उपासना घेतात. ज्यांना मध्यरात्रीचीच ओढ आहे त्यांनी पाळी लावावी. एका वर्षी आईने जावे आणि बाबांनी मुलांपाशी थांबावे, पुढच्या वर्षी उलट. घरी मागे राहणाऱ्याने मुलाला झोपवण्यापूर्वी बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाची पहिली वीस वचने वाचून दाखवावीत. पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि मेंढपाळ, देवदूत, गव्हाणी यांत चार वर्षांचे मूल सहज रमते.

गव्हाणीचा एक खेळ दोन घरांच्या वाटणीला फार उपयोगी पडतो. आगमनकाळाच्या (नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान, गव्हाणी मांडावी पण बाळाची मूर्ती ठेवू नये. ती २४ च्या रात्री मुलाच्या हातून ठेवून घ्यावी. मागी लोकांच्या मूर्ती घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोड्या पुढे सरकवाव्यात. ६ जानेवारीच्या सुमारास त्या दुसऱ्या आजोळी पोहोचल्या, तर तिथला नाताळ हा त्याच गोष्टीचा शेवटचा भाग होतो. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो या गावी बैल आणि गाढव उभे करून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेव्हाही हेतू हाच होता की ऐकलेली गोष्ट डोळ्यांना दिसावी.

मोठ्यांना सांगण्याचे काम ज्याच्या त्याच्या मुलाने करावे. सासरी तुमच्या यजमानांनी बोलावे, माहेरी तुम्ही. सुनेच्या किंवा जावयाच्या तोंडून आलेला नकार दुप्पट लागतो. बोलणे आगमनकाळ सुरू होण्यापूर्वी व्हावे, आणि ‘यंदा जमणार नाही’ हे वाक्य ‘आम्ही अमुक दिवशी येऊन तीन रात्री राहतो’ या वाक्याशिवाय उच्चारूच नये.

प्रतिसाद २ · पाळणाघर_ताई

मी अनेक वर्षे लहान मुले सांभाळते आहे, म्हणून वाटणीविषयी न लिहिता प्रत्यक्ष भेटीविषयी लिहिते.

नऊ महिन्यांच्या सुमारास बहुतेक बाळांना अनोळखी चेहऱ्यांची भीती जोरात असते. हे लाडावलेपण नसून वाढीचा नेहमीचा टप्पा आहे, आणि ही गोष्ट आजीला आधीच फोनवर सांगून ठेवली तर बाळ रडल्यावर तिला अपमान वाटत नाही. दारातच बाळाला कुणाच्या हातात देऊ नका. आजीने तुमच्या शेजारी बसावे, तुमच्याशीच गप्पा माराव्यात, बाळाकडे टक लावून पाहू नये, हातात एखादे खेळणे धरावे. बाळ थोड्या वेळाने आपणहून हात पुढे करते. चार वर्षांच्या मुलालाही ‘मामाला पापा दे’ असे बजावू नये. हात हलवणे, टाळी देणे, नमस्कार करणे यांपैकी काय करायचे ते त्याला निवडू द्यावे.

झोपेचे गणित पाहूनच दिवस आखावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून १२ ते १६ तास आणि ३-४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. जेवणाची वेळ मुलांच्या दुपारच्या झोपेवर आदळत असेल तर यजमानांना तास-दीड तास मागेपुढे करण्याची विनंती करावी. पाहुण्यांच्या सोयीसाठी पंगत हलते, तशी मुलांसाठीही हलू शकते. बाळ झोपेल ती जागा सपाट आणि घट्ट गादीची असावी, त्याला उताणे झोपवावे, आणि थकलेल्या काकांनी बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी काढणे हा प्रकार कितीही गोड दिसला तरी होऊ देऊ नये, कारण सोफ्यावर अशा रीतीने बाळ गुदमरण्याचा धोका फार मोठा असतो.

ज्या घरात रोज लहान मूल वावरत नाही, तिथे सर्वांत धोकादायक वस्तू झाडावर नसतात, त्या पर्समध्ये असतात. आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, मावशीच्या पिशवीतील औषधे हे सर्व पोहोचताच उंच जागी ठेवायला सांगावे, आणि सांगताना संकोच करू नये. दुसरी गोष्ट म्हणजे चपट्या, नाण्यासारख्या बॅटऱ्या. गाणारी शुभेच्छापत्रे, विजेच्या खोट्या मेणबत्त्या, दिव्यांचे छोटे रिमोट यांत त्या असतात. अशी बॅटरी गिळून अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आत गंभीर भाजू शकते. नुसती शंका आली तरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठावे.

खाण्याबाबत इतकेच लक्षात ठेवावे की एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, पाच वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे दाणे किंवा सुका मेवा देऊ नये आणि द्राक्षे उभी चिरून चार तुकडे करूनच द्यावीत. मोठ्यांच्या मद्याचे अर्धवट पेले टिपॉयवर राहू देऊ नयेत. थोड्या मद्यानेही लहान मुलाच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

आणि ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने बाळाचा पापा घेऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. फ्लूची लस सहा महिन्यांपासून देता येते, परंतु पहिल्यांदा घेणाऱ्या लहान मुलांना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. म्हणून डॉक्टरांशी बोलायचे ते नोव्हेंबरच्या आरंभीच बोलावे.

प्रतिसाद ३ · दोन_नातवंडांचा_आजोबा

वरचे दोन्ही प्रतिसाद विचारपूर्वक लिहिलेले आहेत, पण त्यांत आम्ही म्हातारी माणसे समजूत घालून बाजूला बसवण्याजोगी दिसतो, म्हणून पलीकडची बाजू मांडतो.

तारखेचा हट्ट आम्ही धरतो तो केवळ सवयीने नव्हे. ‘पुढच्या वर्षी तुमची पाळी’ हे तरुण माणसाला सहज म्हणता येते. पंच्याऐंशीच्या माणसाला पुढचे वर्ष हा हिशेब तितका पक्का वाटत नाही. घरात पणजी असेल किंवा कुणाचे मोठे आजारपण चालू असेल, तर पाळीचा नियम त्या वर्षापुरता मोडावा आणि दुसऱ्या बाजूने ते मोठ्या मनाने मान्य करावे. उंबरठा यांनी वाटणी अगदी चोख मांडली आहे. माणसांची वये तीत कुठे दिसत नाहीत.

दुसरे असे की आम्हांला रुसवा येतो तो बहुधा तारखेमुळे येत नाही. निर्णय आधीच झालेला असतो आणि आमच्या कानी फक्त त्याची सूचना पडते, तीही पुष्कळदा मोबाइलवरच्या दोन ओळींत. मुलाने फोन करून ‘बाबा, पोरांना जागरण सोसत नाही, काय करू या?’ असे विचारले, तर बहुतेक आजोबा स्वतःच दुसरी तारीख सुचवतील. आम्हीही लहान मुले वाढवली आहेत, जागरणाने काय होते ते आम्हांला ठाऊक आहे.

आणि आल्यावर आम्हांला काम द्या. गोष्ट वाचून दाखवायचे काम आजोबांचे, तारा टांगायचे काम आजीचे, असे ठरले म्हणजे नातवाला आमच्याकडे यायला निमित्त मिळते आणि आम्हांलाही नुसते सोफ्यावर बसून मुलांकडे पाहत राहावे लागत नाही. पाळणाघर ताईंनी पर्समधील गोळ्यांविषयी लिहिले ते मात्र शंभर टक्के खरे आहे. आमच्या घरी आता औषधांचा डबा कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातो.

मधली_सून

सर्वांचे मनापासून आभार. आजोबांचा मुद्दा विशेष भिडला, कारण माझ्या सासरी आजेसासूबाई आहेत आणि त्यांचे वय लक्षात घेता यंदाची २५ तारीख सासरी द्यावी असे आम्हां दोघांना वाटू लागले आहे. माहेरी मी स्वतः आजच फोन करणार आहे.

एक प्रश्न उरतो. सासरी मोठ्या जाऊबाईंची मुले नऊ आणि अकरा वर्षांची आहेत. सांताक्लॉजचे गुपित त्यांना कळलेले आहे आणि आमचा मुलगा अजून पूर्ण विश्वास ठेवतो. शिवाय नणंदबाई आणि दीर इतक्या भेटवस्तू आणतात की मुलगा एक उघडून दुसरीकडे धावतो. यावर कुणी काही उपाय केला आहे का?

प्रतिसाद ४ · सांजवात

सांताक्लॉजविषयी दोन प्रामाणिक मते आहेत आणि दोन्हींचा आदर करावा असे मला वाटते. काही घरे हा खेळ आनंदाने खेळतात, तर काही घरे मुलांना आरंभापासूनच सांगतात की चौथ्या शतकात मायरा येथे निकोलस नावाचे एक बिशप होऊन गेले, त्यांच्या गुप्तदानाच्या कथा सांगितल्या जातात आणि आपण त्यांची आठवण म्हणून भेटी देतो. मायरा आजच्या तुर्कस्तानात येते आणि या संतांचा सण ६ डिसेंबरला असतो. मी दुसऱ्या पक्षाची आहे, पण चार वर्षांच्या मुलाचा विश्वास भर पंगतीत मोडण्याच्या मात्र विरुद्ध आहे.

जाऊबाईंच्या मुलांना आधी बाजूला घेऊन सांगा की तुम्ही आता गुपित राखणाऱ्यांच्या गटात आला आहात आणि यंदा लहान भावासाठी सांताचे काम तुम्ही करायचे आहे. नऊ-अकरा वर्षांच्या मुलांना ही बढती फार आवडते; रात्री भेटींनी पायमोजा भरण्याचे काम त्यांच्याकडे दिले तर गुपित फुटण्याची भीती जवळजवळ संपते. हे जाऊबाईंशी आधी बोलूनच करावे, परस्पर करू नये. तरीही मुलाने तोंडावर विचारलेच, तर ‘तुला काय वाटते?’ असे उलट विचारून त्याचे ऐकून घ्यावे. ज्याला खरे उत्तर हवे असते तो पुन्हा विचारतो, आणि तेव्हा ते द्यावे.

भेटवस्तूंबाबत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आधार घेता येतो. मागी लोक किती होते याचा आकडा तिथे दिलेलाच नाही. उल्लेख आहे तो तीन भेटींचा, म्हणजे सोने, ऊद आणि गंधरस. या तीनांवरूनच काही कुटुंबे प्रत्येक मुलाला तीनच भेटी असा नियम करतात. तुमच्या सासरी तो एकदम लागू होणार नाही हे उघड आहे. म्हणून नणंदबाईंना आणि दिरांना मिळून एकच मोठी वस्तू घ्यायला सुचवा, किंवा वस्तूऐवजी एक दिवस मागा: आत्याने भाच्याला घेऊन केलेली सहल, काकांनी सायकल शिकवणे. नऊ महिन्यांच्या बाळासाठी खरेदी करू नका असे सांगितले तरी चालेल, तिला कागदाचाच आनंद अधिक असतो (कागद चोखून तोंडात तुकडे जाणार नाहीत, एवढे पाहावे). मोठ्याच्या बाबतीत सगळे गठ्ठे एका बैठकीत उघडू देऊ नयेत. एक उघडावा, देणाऱ्याजवळ जाऊन आभार मानावेत, त्याच्याशी थोडे खेळावे आणि मग दुसरा. उरलेले दुसऱ्या दिवशी. तीन रात्री राहणार असाल तर हे सहज जमते. आणि एखादी भेट आवडली नाही तर काय बोलायचे याची घरी आधी खेळातून उजळणी करून घ्यावी, कारण चार वर्षांचे मूल मनातले लपवत नाही आणि ‘हे माझ्याकडे आहे’ असे तोंडावर सांगून मोकळे होते.

प्रतिसाद ५ · उंबरठा

आजोबांनी दाखवलेली त्रुटी मान्य आहे. वये लक्षात न घेता केलेली वाटणी कोरडी होते. आजेसासूबाईंसाठी यंदा २५ तारीख सासरी देण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. मग माहेरची तारीख ६ जानेवारीच्या जवळची घ्या आणि मागी लोकांच्या मूर्ती सोबत न्या, म्हणजे मुलाला प्रवासाचे कारण सांगता येईल.

प्रवासाविषयी थोडे राहून गेले. नऊ महिन्यांच्या मुलीची गाडीतील आसनी मागे तोंड करणारीच असावी, आणि थंडी कितीही असली तरी जाड कोट घालून पट्टे आवळू नयेत; जाड कपडा धडकेत दबतो आणि पट्टा सैल पडतो. पातळ कपड्यांवर पट्टे बांधून वरून पांघरूण घालावे. दर दोन तासांनी थांबून तिला आसनीतून बाहेर काढावे आणि हा थांबण्याचा वेळ धरूनच पोहोचण्याची वेळ कळवावी. शक्य तर जेवणाच्या वेळेला पोहोचूच नये. आदल्या संध्याकाळी पोहोचावे, मुलांना खाऊ घालून झोपवावे आणि बाकीच्या नातलगांना दुसऱ्या दिवशी दुपारची झोप झाल्यावरची वेळ द्यावी. परतीचा दिवसही जातानाच सर्वांना सांगून ठेवावा, नाहीतर ‘आणखी एक दिवस राहा’ या आग्रहात मुलांची शाळा आणि तुमची रजा दोन्ही अडकतात.